एक वर, एक खाली

४ मार्च

दादा,

वर काय लिहायचं यावरच बराच वेळ अडले. 'तीर्थरूप' लिहावं तर तुला वाटणार टोमणा मारतेय. 'प्रिय' लिहावं तर मलाच हसू येणार. शेवटी नुसतं दादाच ठेवलं. फोन केला असता, पण तुझ्या शेजारीणबाई म्हणाल्या की फोन कानाशी नेला की तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू वैतागून फोन आपटतोस. तेव्हा पत्रच बरं.

आक्काला जाताना त्रास झाला नाही. सकाळी दुकान उघडलं, बादलीत वेत भिजत घातला आणि खुर्चीवर टेकली, ती टेकलीच. समोरच्या चष्मेवाल्याला वाटलं डुलकी लागली असेल, म्हणून त्यानं हाक मारली नाही. दुपारी मारली. मी पोचले तोवर बादलीतला वेत काळा पडायला लागला होता. आक्कानं वेत कधी इतका वेळ पाण्यात राहू दिला नसता. तिच्याकडे बघून मी रडले नाही, त्या बादलीकडे बघून रडले. तुला निरोप गेला होता. तू आला नाहीस. लांबचा प्रवास आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

आता कामाचं. घरमालकाला पुढच्या महिन्याच्या अखेरीला दुकान आणि मागची खोली रिकामी हवी आहे. माणूस वाईट नाही, पण येतो आणि भिंतींकडे असा बघतो की आपणच आड येतोय असं वाटतं. त्याला भाऊ-बहीण दोघांच्या सह्या लागतात. कागद सोबत आहे. पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथे सही कर.

आक्काची इस्टेट म्हणशील तर एक पलंग, दोन पातेली, एक किटली, गरम कपड्यांची पेटी, टोच्या, कात्री आणि लाकडी खुंट्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा. सगळं एका हातगाडीत बसेल. ते मी बघते. पण गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांनी मला रडकुंडीला आणलं आहे. दुकानभर खुर्च्या आहेत, काही विणून झालेल्या, काही अर्ध्या, आणि एकीवरही नाव नाही. चिठ्ठी नाही, खडूची खूण नाही. कोणाची कुठली हे आक्काला ठाऊक असायचं, तेवढं पुरायचं. आता मी त्यांच्यामधे उभी राहते आणि त्या माझ्याकडे बघत बसतात.

आणि एक आपली आहे. बाबांची. हातांची, जिच्या डाव्या हातावर बाबांच्या अंगठ्यानं खळगा पडलाय, तीच. माळ्यावर चादरीत गुंडाळलेली सापडली. लाकूड तेल लावून लख्ख ठेवलंय, भोकं एकेक साफ केलेली आहेत, पण बैठक विणलेली नाही. इतकी वर्षं आक्का गावभरच्या खुर्च्या विणत होती आणि बाबांची तेवढी उघडी ठेवली. याला काय म्हणावं मला कळत नाही.

तिचं काय करायचं ते सांग. मी तिच्यावर हक्क सांगत नाही. मागे एकदा सांगून झालंय.

तुझी,
ठकी


१२ मार्च

ठकी,

पत्र मिळालं. सही करून कागद परत पाठवतो आहे. सही वाकडी आली आहे, घरमालकानं शंका घेतली तर सांग की माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे. निरोप आला तेव्हा डोळ्याला पट्टी होती आणि डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली होती. न येण्याचं कारण तेवढंच. दुसरं काही असेल असं तुझ्या मनात आलं असेल तर ते काढून टाक.

आक्काच्या वस्तूंपैकी मला काही नको. माझ्याकडे तीन खोल्या आहेत, त्यातल्या दोन मी उघडतही नाही. मुलगा महिन्यातून एकदा फोन करतो, त्याला मी 'बरं आहे' म्हणतो, तो काय म्हणतो ते मला ऐकू येत नाही. तेव्हा इथे पातेली आणून काय करू?

बाबांची खुर्ची तू ठेव.

गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांचं म्हणशील, तर शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही बिनचिठ्ठीच्या बाटल्या ओतून द्यायचो. खुर्च्यांना ते लागू नाही. तुलाच काही सुचेल.

दादा


१८ मार्च

दादा,

डोळ्याचं मला कोणी सांगितलंच नाही. आक्का असती तर दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं असतं, वर थेंब कुठले आणि किती वेळा तेही. ती गेली आणि तुझी बातमीच बंद पडली. आता बरं दिसतंय का?

खुर्च्यांची गंमत ऐक. सुचलं ते असं, की सगळ्या खुर्च्या बाहेर फुटपाथवर ओळीनं मांडल्या आणि दाराला पुठ्ठा लावला: 'आपापली खुर्ची ओळखून न्यावी.' चष्मेवाला म्हणाला, बाई, उद्यापर्यंत एक राहायची नाही, चोर काय पुठ्ठा वाचत नाहीत? पण दादा, लोक आले ते कोणी बघून खुर्ची उचलेना. सगळे बसून बघायचे. गाण्याच्या क्लासच्या बाई आल्या, एकीवर बसल्या, मान हलवली, दुसरीवर बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, हीच. कोर्टातला एक कारकून आणि दाताचा डॉक्टर एकाच खुर्चीवरून हमरीतुमरीवर आले. मी म्हटलं, आळीपाळीनं बसा. डॉक्टर बसला आणि लगेच उठून म्हणाला, माफ करा, ही डावीकडे कलते, माझी सरळ आहे. कारकून स्वतः डावीकडे कलूनच उभा होता. रस्त्यावर अशी मांडामांड बघून येणारे-जाणारेही टेकायला लागले. एका आजोबांची खुर्ची नव्हतीच, पण ते दुपारपर्यंत बसून राहिले. मीही उठवलं नाही.

सगळे एकच सांगत होते. खुर्ची टाकायला आलं की आक्का आधी म्हणायची, 'बसा.' माणूस कसा बसतो ते बघायची आणि मग कामाला हात घालायची. म्हणून तिला चिठ्ठी लागायची नाही. खुर्ची बघून तिला माणूस आठवायचा.

त्या गाण्याच्या बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुम्हीच का त्या ठकी? आक्का नेहमी सांगायच्या, माझ्या भावंडांची जोडी म्हणजे एकाला ठेच लागली तर दुसऱ्याच्या डोळ्यात पाणी. भाऊ दर महिन्याला येतात ना बहिणीकडे?" मी नुसती हसले. आक्काला थापा मारायची हौस होती, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं.

आता आपल्या खुर्चीचं. तू 'ठेव' म्हणालास, पण आपलं ते पूर्वीच मिटलेलं आहे ना? भांडण झालं त्याच वर्षी तू आक्काला म्हणाला होतास, 'खुर्ची ठकीलाच दे, माझा राग गेला.' आक्कानं येऊन मला सांगितलं. मीच अडून बसले, म्हटलं दादानं स्वतः आणून दिली तर घेईन. त्याला आता किती वर्षं झाली, मोजवत नाही. पण तुझा राग गेला हे मी धरून चालले होते. आणि नुसतं तेवढंच नाही. आक्का तुझ्याकडून आली की पहिलं वाक्य ठरलेलं: 'दादा तुझ्या गुडघ्याचं विचारत होता.' तू शेकायला पाठवलेली रबरी पिशवी मी अजून वापरते. बूच गळतं, पण बदललेली नाही. हे तुला लिहून कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. आभार मानत नाही, आपल्यात ती पद्धत नाही.

दुकान जवळजवळ रिकामं झालंय. बोललं की आवाज घुमतो, म्हणून मी तिथे बोलत नाही. तसंही कोणाशी बोलणार?

ठकी


२५ मार्च

ठकी,

तुझं पत्र भिंगातून दोनदा वाचलं. काय लिहावं याचा विचार केला. मला गोलगोल लिहिता येत नाही, आणि खोटं लिहिलं तर पुढच्या पत्रात पकडला जाईन.

'खुर्ची ठकीला दे' असं मी आक्काजवळ कधी म्हणालो नाही. उलट त्याच सुमाराला आक्का माझ्याकडे आली आणि म्हणाली की ठकीचा राग गेला आहे, ती म्हणते खुर्ची दादालाच दे. मी म्हटलं, तिनं स्वतः तसं लिहिलं तर नेईन. तुझं पत्र आलं नाही. मी नेली नाही.

रबरी पिशवी मी पाठवली नव्हती. तुझा गुडघा दुखतो हे मला तुझ्या या पत्रातून कळलं.

हे वाचून तुला काय वाटेल याची मला कल्पना आहे. पण तू माझ्या नावावर जे जमा धरलं आहेस ते माझं नाही, आणि मी ते ठेवून घेणं बरोबर नाही.

तू विणून पाठवलेला मफलर मात्र मला मिळाला होता, तपकिरी, टोकांना गोंडे असलेला. पोचल्याचं तुला कधी कळवलं नाही, ते राहून गेलं. अजून वापरतो.

दादा


२९ मार्च

दादा,

मला लोकरीचं काही विणता येत नाही. मफलर नाही, मोजा नाही, काही नाही. मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या चादरी मोजल्या आणि धुवायला पाठवल्या, मला विणायला कोणी शिकवलं? तो आक्कानं विणला असणार. पिशवीही तिनंच आणली असणार. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तशाच टांगलेल्या असतात, आज जाऊन बघून आले.

तुझं पत्र वाचून मी दुकानात खाली जमिनीवर बसले. गुडघ्यामुळे मी खाली बसत नाही, बसले की उठवायला कोणी लागतं. कोणी नव्हतं. पलंगाला धरून, रांगत, कशीबशी उठले. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. कसं वाटलं ते सांगते आहे. मला वाटायचं, भांडलो असलो तरी तिकडे लांब एक माणूस आहे जो माझ्या गुडघ्याचं विचारतो. शनिवार-रविवार जायचे नाहीत तेव्हा मी त्यावर दिवस काढलेत. आणि तो माणूस नव्हताच. आक्का माझ्या समोर बसून, चहा पीत, तो बनवून सांगत होती.

आता एकच विचारते, आणि खरं सांग, कारण तू खरंच सांगतोस हे कळलंय. वहिनी गेली तेव्हा मी निघाले होते. बॅग भरून दाराशी ठेवली होती, शेजारणीकडे किल्ली दिली होती. आक्का धावत आली आणि म्हणाली, 'दादा म्हणतो, ठकीला एवढ्या लांब आणू नको, तिच्या गुडघ्याला सोसायचं नाही. मी एकटी जाते.' मी म्हटलं, बघा, एवढ्या दुःखातही माझा विचार करतो. आणि बॅग परत उपसली. तू तसं म्हणाला होतास का?

तू बाबांच्या खुर्चीवरून, बाबांचं सामान भरलेल्या टेम्पोच्या दारात, सगळ्या नातेवाइकांसमोर मला म्हणाला होतास, 'तुला कशाला हवी खुर्ची, तुझ्याकडे बसायला येणार आहे कोण?' नवऱ्याचं घर सोडून आले होते त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते वाक्य आक्कानं बनवलेलं नाही, ते माझ्या कानांनी ऐकलंय. मला वाटलं होतं, तुझ्या नंतरच्या सगळ्या विचारपुशीनं ते पुसलं गेलं. आता कळलं की त्यानंतर तू मला काही बोललाच नाहीस. म्हणजे आपल्यातलं शेवटचं वाक्य तेच आहे.

ठकी


१३ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं, तोही आता लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो.

काही लिहायचं नसेल तर नको लिहू, मी जबरदस्ती करत नाही. कामापुरतं कळवते. गिऱ्हाइकांच्या सगळ्या खुर्च्या गेल्या. अर्धवट होत्या त्याही लोक तशाच घेऊन गेले, एक बाई तर म्हणाल्या, दुसऱ्या कोणाकडे देणार नाही, अशीच ठेवीन. पलंग आणि पातेली चष्मेवाल्याच्या ओळखीनं गरजू घरात दिली. किटली मी ठेवली. बाबांची खुर्ची उरली आहे. तुला नको आणि मला तिच्याकडे बघवत नाही. महिनाअखेरीला भंगारवाला उरलंसुरलं न्यायला येणार आहे, त्यात तीही देईन म्हणते. बैठकच नसलेली खुर्ची कोण घेणार?

डोळ्यात थेंब घालत जा.

ठकी


१८ एप्रिल

ठकी,

भंगारवाल्याला खुर्ची देऊ नको. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहायला वेळ लागणार आहे आणि मधेच डोळा थकला तर हे तरी पोचावं.

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हापासून मी रोज उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. तू खरं विचारलंस. नाही, मी तसं म्हणालो नव्हतो. तुझी वहिनी गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि मी सारखा दाराकडे बघत होतो. आक्का एकटी आली. म्हणाली, 'ठकीला ताप आहे, अंथरुणातून उठवत नाही. तिनं निरोप दिलाय, दादाला म्हणावं जेवून घे.' मी जेवून घेतलं. तू सांगितलंस म्हणून जेवलो होतो.

मला आक्काचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे काय करायचं, ते कळेना. दोन दिवस मफलर कपाटात कोंबून ठेवला. मग तिचं येणं आठवायला लागलो. वर्षातून दोनदा यायची. पायरीवरूनच सुरू व्हायची, 'ठकी म्हणते...' चप्पल काढायच्या आधी. मी किटली ठेवायचो. तुझ्याबद्दल सांगून संपलं की ती इकडेतिकडे बघायला लागायची, आणि मग एकदम, 'अरे हो, अजून एक म्हणाली ठकी.' मी तिला कधी विचारलं नाही की आक्का, तू कशी आहेस. ती सांगायला आलेली असायची, मी ऐकायला बसलेलो असायचो. तू विचारायचीस का? आपण दोघांनी तिला टपालासारखं वापरलं आणि ती त्यातच खूश होती असं समजलो. पण आपण एकमेकांशी बोलायला लागलो असतो तर आक्काकडे सांगण्यासारखं काय उरलं असतं? आपलं भांडण मिटावं असं तिला वाटत होतं, हे खरं आहे. ते मिटलं तर आपल्याकडे कोणी दार उघडून वाट बघणार नाही, अशी भीतीही तिला वाटत असणार, असं मला आता वाटतं. बॅग भरून तू निघालीस तेव्हा तिनं तुला अडवलं ते त्या भीतीनं. वाईट केलं. फार वाईट केलं. पण त्या दुकानात ती एकटी बसून आपल्या दोघांची वाक्यं बनवत होती, हे डोळ्यांसमोर आलं की माझा राग टिकत नाही.

मफलर तू विणलेला नसणार, असं मला मधूनमधून वाटायचंच. लहानपणी तुला सुईत दोरा घालता येत नव्हता. पण मी आक्काला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो आक्काचा झाला असता, आणि मला तो तुझा हवा होता. यावरून काय समजायचं ते समज.

टेम्पोच्या दारातलं मला आठवतं. आता माझ्याकडेही बसायला कोणी येत नाही. चांगल्या चार खुर्च्या आहेत, सगळ्यांवर वर्तमानपत्रं बसतात.

आता बाबांची खुर्ची उघडी का राहिली ते सांगतो. मी एकदा आक्काला विचारलं होतं, अजून भोकंच आहेत का? ती म्हणाली, 'ती एकटीनं नाही विणायची.' मी म्हटलं, मग घे कोणाची तरी मदत. मला तेव्हा कळलं नाही, तुझ्या पत्रानंतर कळलं. बाबा कसं विणायला लावायचे आठव. एक वर, एक खाली. वरच्यानं वेत भोकातून घालायचा, खालच्यानं तो ओढून पुढच्या भोकातून वर द्यायचा. एकट्यानं विणली की एका बाजूला ताण जास्त बसतो, असं म्हणायचे. आक्का मोठी, ती स्वतंत्र खुर्ची घ्यायची. आपली जोडी ठरलेली. मी वर, तू खाली. खालून तुझा आवाज यायचा, 'दादा, ओढ.' मी मुद्दाम ओढायचो नाही आणि तू वेताच्या टोकानं माझ्या तळव्याला टोचायचीस.

आक्का गिऱ्हाइकांच्या खुर्च्या एकटीच विणायची, एक हात वर, एक हात खाली. बाबांची तिला सहज विणता आली असती. तिनं ती आपल्यासाठी ठेवली होती. आपल्याला एकत्र आणायचं धाडस तिचं झालं नाही, आणि ती विणून टाकायचंही झालं नाही.

डॉक्टरांनी आता प्रवासाला हरकत नाही म्हटलं आहे. बोटं सुजतील, माझे हात आता तसे राहिले नाहीत, आडवे-उभे धागे जमतील, तिरके जमतील का सांगता येत नाही.

इतकी वर्षं हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून तुझ्याकडे गेलं, म्हणून आज स्वतः लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? हे मी विचारतो आहे.

दादा


२३ एप्रिल

दादा,

दुखतो. सकाळी जास्त, जिना उतरताना फार. डॉक्टर म्हणतात झीज आहे, चालत राहा. पिशवीनं शेकते. तीच पिशवी. बूच आज बदललं.

हे सांगायला मला कोणी समोर नव्हतं असं नाही, आक्काला दर वेळी सांगायचे. पण मी तिला सांगायचे ते तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून, आणि ते तिलाही माहीत असणार. तू विचारलंस, मी तिला विचारायचे का. नाही विचारायचे. तिच्या गुडघ्यांचं काय होतं, मला ठाऊक नाही.

दुकान रिकामं करून किल्ली घरमालकाला दिली. निघताना बादली तेवढी उचलून आणली. खुर्ची चष्मेवाल्यानं डोक्यावर घेऊन माझ्या जिन्यावरून वर आणून दिली. खिडकीशी ठेवली आहे. बैठक नाही, त्यामुळे तिच्यावर कोणाला बसता येत नाही, पण तिच्याशेजारी मी बसते.

एक अडचण आहे. मला आता खाली बसता येत नाही. खाली तुलाच बसावं लागेल, मी वर. ओढायला उशीर केलास तर मी यंदा वरूनही टोचू शकते.

जिना अंधारा आहे, उजवीकडचा कठडा धरून ये. दार उघडंच ठेवीन, हाक मारत बसू नको, माझं उत्तर तुला ऐकू येणार नाही. वेत आणून ठेवला आहे, चांगला लांब आहे. जास्त वेळ पाण्यात राहिला तर काळा पडतो. तेव्हा कधी भिजत घालू, तेवढं कळव.

ठकी